धर्मगुरुदीक्षेची पात्रता : आद्य ख्रिस्ती नियम आणि दक्षिण कोकण

मालवणपासून गोव्याच्या सीमेपर्यंतच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती समाजाचा इतिहास प्रायः गोव्याच्या इतिहासाचे एक परिशिष्ट म्हणून सांगितला जातो. पुष्कळ कुटुंबांचे गोव्याशी असलेले नाते आणि पूजाविधीच्या परंपरा पाहता हे स्वाभाविकही आहे. परंतु सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा किनारा पोर्तुगीज सत्तेखाली नव्हता. मालवण, वेंगुर्ले, कुडाळ, डिचोली हा सारा टापू विजापूरच्या आदिलशाहीच्या अमलात मोडत होता. सिंधुदुर्गाची पायाभरणी व्हावयास १६६४ साल उजाडावयाचे होते. ह्याच मुलुखासाठी रोमच्या धर्मपीठाने १६३७ मध्ये एक स्वतंत्र बिशप नेमला. पोर्तुगीज कागदपत्रांत आदिलखानाचे नाव 'इदालकांव' असे येते. त्यावरून ह्या धर्मक्षेत्रासही तेच नाव पडले. त्या बिशपाचे नाव मातेउस द कास्त्रो. गोव्याजवळच्या दिवाडी बेटावर, ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता.

ह्या नेमणुकीत एक विसंगती दडलेली आहे. ज्या पुरुषास रोमने बिशपपदाचा अभिषेक केला, त्यासच गोव्याच्या आर्चबिशपांनी साधी धर्मगुरुदीक्षाही नाकारली होती. गोव्यात अपात्र ठरलेला उमेदवार मांडवीच्या पलीकडे डिचोलीत राहून इतरांस गुरुदीक्षा देऊ लागला. दोन्ही पक्ष एकाच धर्मसभेचे होते. दोघेही प्राचीन नियमांचाच आधार सांगत होते. तेव्हा ते नियम मुळात काय होते, ते कोणत्या हेतूने रचले गेले आणि गोव्यात येईपर्यंत त्यांचा अर्थ कसा पालटला, ह्याचा विचार केल्यावाचून दक्षिण कोकणातील ह्या प्रकरणाचा उलगडा होत नाही.

आद्य नियमांचे स्वरूप

गुरुदीक्षा म्हणजे बिशपाने मस्तकावर हात ठेवून आणि प्रार्थना करून एखाद्यास धर्मसेवेच्या पदावर नेमणे. बिशप, धर्मगुरू आणि सेवक अशा तीन मुख्य पायऱ्या दुसऱ्या शतकापासून स्पष्ट होत गेल्या. ह्या पदांस कोण योग्य, ह्याची पहिली यादी नव्या करारातील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सापडते. अध्यक्ष होऊ पाहणारा माणूस निर्दोष, एका स्त्रीचा पती, संयमी, अतिथिप्रिय, शिकविण्यात निपुण आणि द्रव्यलोभापासून दूर असावा. स्वतःचे घर नीट चालविणारा असावा. तो नवख्रिस्ती नसावा. आणि समाजाबाहेरच्या लोकांतही त्याची कीर्ती चांगली असावी, असे तेथे सांगितले आहे. मूळ ग्रीक लेखातील नवख्रिस्ती ह्या अर्थाच्या शब्दाचा वाच्यार्थ 'नुकतेच लावलेले रोप' असा आहे. ते कारणही लगेच दिले आहे : असा माणूस गर्वाने फुगून पतित होण्याचा संभव असतो.

तीताला लिहिलेल्या पत्रात हीच यादी थोड्या फरकाने येते. तथापि नवख्रिस्ती नसावा ही अट मात्र तेथे नाही. तीताकडे क्रीट बेटावरील प्रत्येक नगरात वडील नेमण्याचे काम होते. तेथील ख्रिस्ती समाजच नवा होता. ज्या ठिकाणी सर्वच रोपे नवी, त्या ठिकाणी जुन्या रोपाची अट घातली असती तर एकही वडील नेमता आला नसता. म्हणून पुष्कळ भाष्यकारांनी ह्या दोन पत्रांतील फरकाचा असाच अर्थ लावला आहे. प्रेषितांची कृत्ये ह्या ग्रंथातही पौल आणि बर्णबा ह्यांनी नव्यानेच स्थापन केलेल्या मंडळ्यांत तेथल्याच लोकांमधून वडील नेमल्याचे सांगितले आहे.

चौथ्या शतकात धर्मपरिषदांनी ह्या सूचनांस नियमांचे रूप दिले. ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या परिषदेचा दुसरा नियम नवख्रिस्ती लोकांविषयीच आहे. मूर्तिपूजक जीवनातून नुकतेच आलेले लोक बाप्तिस्मा होताच धर्मगुरू किंवा बिशप केले जात होते. असे पुढे होऊ नये, कारण शिक्षणास काळ लागतो आणि बाप्तिस्म्यानंतर त्याहून मोठी परीक्षा व्हावी लागते, असा त्याचा आशय आहे. नवव्या नियमात परीक्षा न घेता दीक्षा दिलेल्या धर्मगुरूंस मान्यता नाकारली आहे. पहिला नियम स्वतःच्या हाताने अंगच्छेद करून घेणाऱ्यास वर्ज्य ठरवितो. मात्र रोगामुळे वैद्याने अथवा जुलमाने धन्याने ज्याचा अंगच्छेद केला, त्यास तो बाद करीत नाही. सोळावा नियम एका बिशपाच्या अधिकारातील माणसास दुसऱ्या बिशपाने संमतीवाचून दीक्षा दिल्यास ती निष्फळ ठरवितो. ह्या शेवटच्या नियमाचे महत्त्व पुढे दिसून येईल.

इतर परिषदांचे नियमही ह्याच धर्तीचे आहेत. स्पेनमधील एल्व्हिरा येथील परिषदेने चौथ्या शतकाच्या प्रारंभी असे ठरविले की, परप्रांतात बाप्तिस्मा घेतलेल्या माणसास तेथेच धर्मसेवेत घेऊ नये. कारण त्याचे पूर्वचरित्र ठाऊक नसते. निओसिझरियाच्या परिषदेने धर्मगुरूसाठी तीस वर्षांची मर्यादा घातली आणि ख्रिस्ताने तिसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेऊन उपदेशास आरंभ केला, हे त्याचे कारण दिले. मृत्यूच्या भयाने आजारपणात बाप्तिस्मा घेणाऱ्यासही तिने सामान्यतः धर्मगुरुपद नाकारले. त्याची श्रद्धा स्वेच्छेची आहे की भीतीची, हे सांगता येत नाही. सार्डिका येथील परिषदेने (३४३) धनाढ्य गृहस्थ किंवा वकील ह्यांस एकदम बिशप करू नये, त्यांनी खालच्या पायऱ्या क्रमाने चढाव्या, असे बजावले. कॅल्सिडॉनच्या परिषदेने (४५१) द्रव्य देऊन घेतलेली दीक्षा, तसेच विशिष्ट मंदिराशी अथवा गावाशी संबंध न जोडता दिलेली दीक्षा अवैध ठरविली.

हे नियम नेहमीच पाळले गेले असे नाही. ३७४ मध्ये मिलानच्या लोकांनी अँब्रोज ह्या शासकीय अधिकाऱ्यास बिशप निवडले, तेव्हा त्यांचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. आठवड्याभराच्या अवधीत बाप्तिस्मा आणि बिशपपद दोन्ही त्यांस प्राप्त झाले. परंतु अपवादाची नोंद अपवाद म्हणूनच झाली. नियमाचा हेतू सर्वांस स्पष्ट होता.

जन्म आणि कुल ह्यांचा प्रश्न

वरील सर्व अटी एकत्र पाहिल्या असता त्यांचे एक सामान्य लक्षण दिसून येते. त्यांत माणसाचे आचरण, विवाह, वय, ज्ञान, लौकिक आणि स्वातंत्र्य ह्यांची चौकशी आहे. कुलाची चौकशी नाही. उलट, प्रेषितांचे नियम म्हणून प्रसिद्ध असलेल्या, चौथ्या शतकाच्या अखेरीस संकलित झालेल्या संग्रहात असे सांगितले आहे की, एका डोळ्याने अंध किंवा पायाने अधू असा माणूस इतर दृष्टींनी योग्य असेल तर त्यास बिशप करावे. शरीराचे व्यंग माणसास भ्रष्ट करीत नाही. पूर्णपणे अंध किंवा बहिऱ्या माणसास मात्र ते पद देऊ नये. तो अपवित्र म्हणून नव्हे, तर धर्मसभेच्या कामकाजात अडथळा येईल म्हणून. अपवित्रता आणि अडचण ह्यांतील हा भेद अत्यंत अर्थपूर्ण आहे. ह्याच संग्रहात बिशपाने आपल्या आप्तास वारस म्हणून नेमू नये, असेही म्हटले आहे. ईश्वराची धर्मसभा ही वारशाने द्यावयाची मालमत्ता नव्हे.

गुलामांसंबंधीचा नियम ह्याहून नाजूक आहे. धन्याच्या संमतीवाचून गुलामास दीक्षा देऊ नये. पण तो योग्य दिसला आणि धन्याने त्यास मुक्त केले, तर द्यावी, असा प्रेषितांच्या नियमांचा निर्णय आहे. तेथे उदाहरण दिले आहे ते पौलाच्या पत्रातील अनेसिम ह्या गुलामाचे. तिसऱ्या शतकाच्या आरंभी रोमचे बिशप झालेले कॅलिक्स्टस हे पूर्वी गुलाम होते, असे त्यांच्या विरोधकांनीच लिहून ठेवले आहे. पाचव्या शतकात मात्र सूर बदलू लागला. पोप पहिले लिओ ह्यांच्या ४४३ च्या पत्रात गुलामांच्या दीक्षेस विरोध करताना धन्याच्या हक्काबरोबरच गुलामीच्या हीनतेचाही उल्लेख येतो. जन्माचा विचार अशा रीतीने दाराशी येऊन ठेपला होता, हे मान्य केले पाहिजे. मध्ययुगात अनौरस जन्म हाही दीक्षेतील एक रीतसर अडथळा ठरला.

तथापि कुलपरंपरेचा प्रश्न जेव्हा एका परिषदेपुढे प्रत्यक्ष उभा राहिला, तेव्हा तिचा निकाल निःसंदिग्ध होता. कॉन्स्टंटिनोपल येथील राजवाड्याच्या घुमटाखाली ६९२ मध्ये भरलेल्या परिषदेने तेहतिसाव्या नियमात आर्मेनिया देशातील रूढीचा निषेध केला. तेथे केवळ याजकांच्या वंशातील पुरुषांसच धर्मसेवेत घेतले जात असे. परिषदेने ठरविले की, ह्यापुढे उमेदवाराचा वंश पाहू नये. तो नियमांनी सांगितलेल्या गुणांनी योग्य आहे की नाही, एवढेच पाहावे. ह्या परिषदेचे सर्व नियम रोमने स्वीकारले नाहीत, हे खरे. परंतु आद्य परंपरेचे मर्म तिने नेमके ओळखले होते. भारतीय वाचकास तर ह्या नियमाचे महत्त्व सांगावयास नकोच.

गोव्यातील अर्थान्तर

१५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने जुने नियम नव्याने बांधून काढले. धर्मगुरूसाठी पंचवीस वर्षांचे वय, स्वतःच्या बिशपाकडूनच दीक्षा किंवा त्याचे अनुमतिपत्र, दीक्षेपूर्वी परीक्षा आणि प्रत्येक धर्मप्रांतात विद्यालय, अशी तिची व्यवस्था होती. विद्यालयांत औरस संततीसच प्रवेश असला, तरी विशेषतः गरिबांची मुले घ्यावी, असेही तिने सुचविले.

गोव्यात धर्मप्रांत १५३४ मध्ये स्थापन झाला होता. त्यावर पोर्तुगालच्या राजाचा 'पाद्रोआदो' नावाचा अधिकार चाले : राजाने धर्मप्रसाराचा खर्च सोसावा आणि मोबदल्यात बिशपांची नावे सुचवावी. स्थानिक मुलांच्या शिक्षणाचा प्रारंभ उत्साहाने झाला. १५४१ मध्ये जुने गोवे येथे 'सांता फे', म्हणजे पवित्र श्रद्धा, ह्या नावाचा बंधुसंघ आणि त्याचे विद्यालय निघाले. आशिया आणि आफ्रिका येथील निरनिराळ्या लोकांतून धर्मगुरू तयार करावे, हाच त्याचा उद्देश होता. पुढे ते येशूसंघाच्या हाती गेले. त्या संघाने मलबारकडील पेद्रो लुईस ह्या ब्राह्मण तरुणास १५६१ मध्ये प्रवेश दिला आणि १५७५ मध्ये ते धर्मगुरू झाले. परंतु त्यानंतर त्या संघाने भारतीयांस दीर्घकाळ दार बंद केले.

दार बंद करताना जे कारण पुढे केले जाई, ते बहुधा तीमथ्याच्या पत्रातलेच असे : हे लोक श्रद्धेत नवे आहेत. येथेच नियमाचा अर्थ पालटला. नायसियाच्या दृष्टीने नवखेपणा ही एका व्यक्तीची, काळाने सरणारी अवस्था होती. शिक्षण झाले, परीक्षा झाली, आचरण सिद्ध झाले की तो अडथळा आपोआप दूर होई. गोव्यात मात्र तो वंशाचा गुण मानला जाऊ लागला. ज्याचा बाप्तिस्मा पाळण्यात झाला, ज्याचे आईबाप ख्रिस्ती होते, तोही आजा-पणजाच्या धर्मामुळे नवखाच राहिला. काळाची अट रक्ताची अट झाली. अमेरिकेतील स्पॅनिश मुलुखातही असेच घडले. मेक्सिकोच्या १५५५ च्या परिषदेने तेथील मूळ रहिवासी आणि मिश्र वंशाचे लोक ह्यांस गुरुदीक्षेपासून दूर ठेवले. स्पेन आणि पोर्तुगाल ह्या देशांत यहुदी आणि मुसलमान पूर्वजांच्या वंशजांस संघ आणि पदे नाकारणारी 'रक्तशुद्धी'ची कल्पना त्या काळी रूढ होती. तीच समुद्र ओलांडून आली.

दुसरे अर्थान्तर ह्याहून सूक्ष्म आहे. संपूर्ण बंदी चालणे शक्य नव्हते, कारण गावोगावी मंदिरे उभी राहत होती आणि लोकांची भाषा जाणणारे धर्मगुरू हवे होते. धर्मग्रामाच्या प्रमुखास स्थानिक भाषा यावी, ह्याचा आग्रह गोव्याच्या परिषदांनीच धरला होता. इंग्लंडहून आलेल्या थॉमस स्टीफन्स ह्यांनी मराठीत ख्रिस्तपुराण रचून ते १६१६ मध्ये राशोल येथे छापविले. परंतु अशी भाषासिद्धी सर्वांना साधणारी नव्हती. तेव्हा १६०६ च्या पाचव्या प्रांतीय परिषदेने स्थानिकांस दीक्षा देण्याची वाट मोकळी ठेवली, पण ती ब्राह्मण आणि तत्सम प्रतिष्ठित मानल्या जाणाऱ्या जातींपुरतीच. इतर ख्रिस्ती आणि अख्रिस्ती लोक ह्या जातींस मान देतात, हे तिचे समर्थन होते.

बाहेरच्या लोकांत उमेदवाराची कीर्ती चांगली असावी, हे पौलाच्या पत्रातील वचन ह्या समर्थनाच्या मागे सहज ओळखता येते. परंतु पत्रातील कीर्ती ही त्या माणसाने आपल्या वर्तनाने मिळविलेली आहे. परिषदेला अभिप्रेत असलेला मान हा जन्माबरोबर मिळालेला आहे. अशा रीतीने एका नियमाच्या विपरीत अर्थाने सर्व देशी लोक बाहेर राहिले आणि दुसऱ्या नियमाच्या विपरीत अर्थाने त्यांपैकी काही जातींसच आत घेतले गेले. आर्मेनियातील ज्या रूढीचा हजार वर्षांपूर्वी निषेध झाला होता, तिच्याजवळ जाणारी व्यवस्था मांडवीच्या काठी उभी राहिली.

मातेउस द कास्त्रो आणि डिचोलीचे धर्मक्षेत्र

मातेउस द कास्त्रो ह्यांचा जन्म १५९४ च्या सुमाराचा. बारदेशातील रेईस मागोस येथे फ्रान्सिस्कन संघाच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १६०६ च्या ठरावानुसारही ते अपात्र नव्हते. जातीने ते ब्राह्मण होते. तरीही आर्चबिशपांनी त्यांस दीक्षा नाकारली. तेव्हा त्यांनी खुष्कीच्या मार्गाने रोमची वाट धरली आणि १६२५ मध्ये ते तेथे पोहोचले.

रोममध्ये तेव्हा वातावरण अनुकूल होते. पंधरावे ग्रेगरी ह्यांनी १६२२ मध्ये 'प्रोपागांडा फिदे' ह्या नावाचे धर्मप्रसार मंडळ स्थापन केले होते. राजांच्या मध्यस्थीवाचून धर्मप्रसाराचे कार्य चालावे, हा त्याचा हेतू होता. मंडळाचे सचिव फ्रान्सेस्को इंगोली ह्यांचा देशोदेशी तेथलेच धर्मगुरू तयार करण्याकडे कल होता. कास्त्रो ह्यांचे पुढील शिक्षण मंडळाच्या आश्रयाने झाले आणि १६३० च्या सुमारास त्यांस गुरुदीक्षा मिळाली. ते गोव्यास परतले, तेव्हा त्यांच्या अधिकारपत्रांविषयी तेथे संशय घेण्यात आला. ते पुन्हा रोमला गेले आणि १६३७ मध्ये त्यांस क्रिसोपोलिसचे नामधारी बिशप म्हणून अभिषेक होऊन आदिलशाही मुलुखाचे धर्मप्रतिनिधी नेमण्यात आले. नामधारी बिशप म्हणजे ज्याच्या पदास एखाद्या लुप्त प्राचीन नगरीचे नाव जोडलेले आहे, असा बिशप. पाद्रोआदोच्या हक्कास धक्का न लावता स्वतंत्र अधिकारी पाठविण्याची ही रोमची युक्ती होती.

त्याच वर्षी डच व्यापाऱ्यांनी मालवण आणि गोवा ह्यांच्या दरम्यान वेंगुर्ले येथे आपली वखार घातली. दक्षिण कोकणाचा किनारा अशा रीतीने पोर्तुगीजांच्या धार्मिक आणि व्यापारी अशा दोन्ही प्रतिस्पर्ध्यांचे ठाणे झाला. कास्त्रो डिचोलीत राहू लागले आणि तेथे त्यांनी गोव्यातील काही ब्राह्मण तरुणांस दीक्षा दिली. गोव्याच्या अधिकाऱ्यांनी ती मानण्याचे नाकारले.

ह्या ठिकाणी गोव्याच्या पक्षाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. ज्या उमेदवारांस त्यांच्या स्वतःच्या आर्चबिशपांनी दीक्षा दिली नव्हती, त्यांस शेजारच्या मुलुखात नेऊन दुसऱ्या बिशपाने दीक्षा द्यावी, ही गोष्ट नायसियाच्या सोळाव्या नियमास आणि ट्रेंटच्या अनुमतिपत्राच्या नियमास सोडून होती. हे दोन्ही नियम मनमानी रोखण्यासाठीच केलेले होते. परंतु स्वतःच्या बिशपाचा अधिकार ज्या नियमाने रक्षिला, त्याच्या शेजारीच परीक्षा घेऊन योग्यता ठरविण्याचा नियमही उभा होता. योग्यतेची परीक्षाच न घेता उमेदवारास जन्मावरून परत पाठविणाऱ्या अधिकाऱ्याने अनुमतिपत्राचा आग्रह धरावा, ह्यात नियमाचे शब्द राहिले आणि त्याचा आत्मा गेला. उलट, त्या अन्यायाचा परिहार नियम मोडून करावयाचा तर धर्मसभेची घडीच विसकटते. डिचोलीचा पेच हा असा दुहेरी होता आणि म्हणूनच तो केवळ गोरा आणि काळा अशा भेदाने स्पष्ट होत नाही.

स्वतः कास्त्रो ह्यांची भूमिकाही निर्दोष नव्हती. १६५३ मध्ये त्यांनी डिचोलीहून गोव्याच्या ब्राह्मण ख्रिस्त्यांस उद्देशून 'ब्राह्मणांचा आरसा' अशा अर्थाच्या शीर्षकाचे आवेशपूर्ण लिखाण पाठविले. पोर्तुगीजांच्या अन्यायाचा त्यात तीव्र निषेध आहे. परंतु तो ब्राह्मणांवरील अन्यायाचा निषेध आहे. १६५४ मध्ये विजापूरच्या फौजेने बारदेश आणि साष्टी ह्यांवर स्वारी केली, तेव्हा त्यामागे कास्त्रो ह्यांची चिथावणी असल्याचा आरोप पोर्तुगीजांनी केला. अखेरीस ते युरोपास परतले आणि १६७७ मध्ये रोम येथे मरण पावले. त्यांनी कुलाच्या अटीविरुद्ध लढा दिला, तो परदेशी कुलाच्या वर्चस्वाविरुद्ध होता. आपल्या समाजातील कुलाच्या अटीस त्यांनी हात लावला नाही.

पुढील परंपरा

कास्त्रो ह्यांच्या मागून त्यांचे आप्त आणि देशबंधू पुढे आले. वेर्ण्याचे कुस्तोदियो द पिन्यो १६६९ मध्ये विजापूरच्या धर्मक्षेत्राचे बिशप झाले. दिवाडीचे तोमास द कास्त्रो ह्यांची १६७० नंतरच्या दशकात कानडा-मलबारकडे नेमणूक झाली. त्याच पिढीतील जोसेफ वाझ (१६५१–१७११) ह्यांस गोव्यातच दीक्षा मिळाली. त्यांनी देशी धर्मगुरूंच्या 'ओरातोरियन' संघास आकार दिला आणि १६८७ मध्ये डच अमलाखालील सिंहलद्वीपात वेषांतर करून प्रवेश केला. तेथे त्यांनी केलेले कार्य हे देशी धर्मगुरूच्या योग्यतेविषयीच्या शंकेस दिलेले सर्वांत समर्पक उत्तर होय. १४ जानेवारी २०१५ रोजी त्यांस संतपद देण्यात आले. परंतु हा संघ ब्राह्मण धर्मगुरूंपुरता राहिला आणि चारडो जातीच्या धर्मगुरूंस चिंबल येथे कार्मेलाइट परंपरेची वेगळी संस्था उभारावी लागली. १६०६ च्या ठरावाची सावली ती ज्यांच्यावर पडली होती, त्यांच्याही संस्थांत पसरली.

२ एप्रिल १७६१ च्या राजाज्ञेने आशियातील ख्रिस्ती प्रजेस पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या बरोबरीचे हक्क दिले. तरीही उच्च पदे दूरच राहिली. लिस्बनला जाऊन दाद मागणारे दोन गोमंतकीय धर्मगुरू निराश होऊन परतले. १७८७ मध्ये उघडकीस आलेल्या पिंटो कटाच्या मुळाशी जी कारणे होती, त्यांत ही एक होती. त्या कटातील पंधरा जणांस १७८८ मध्ये देहान्त शिक्षा झाली आणि धर्मगुरूंस लिस्बनला बंदिवासात पाठविण्यात आले. गुरुदीक्षेचे दार उघडले, तरी बिशपपदाचे दार मिटलेले असावे, ही स्थिती फार काळ टिकली. गोव्याच्या महाधर्मप्रांतास पहिले गोमंतकीय आर्चबिशप राऊल गोन्साल्विस हे १९७८ मध्ये लाभले.

डिचोलीत आरंभ झालेल्या धर्मक्षेत्राचे पुढे काय झाले, हेही पाहण्याजोगे आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस ते 'महामोगलांचे धर्मक्षेत्र' म्हणून युरोपीय कार्मेलाइटांकडे गेले आणि १७२० मध्ये त्याचे ठाणे इंग्रजांच्या मुंबईत आले. मुंबईचा महाधर्मप्रांत आपली परंपरा ह्याच धर्मक्षेत्रापर्यंत नेतो. तेथेही १९२८ च्या करारानुसार आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा, असा संकेत ठरला होता. योग्यतेच्या यादीत राष्ट्रीयत्वाची भर पडली होती. १९५० मध्ये तो क्रम संपून व्हॅलेरियन ग्रेशस आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते पहिले भारतीय कार्डिनल ठरले. दिवाडीच्या कास्त्रो ह्यांस अभिषेक झाल्यापासून ह्या घटनेपर्यंत तीन शतकांहून अधिक काळ लोटला होता.

मालवणचा किनारा राजकीय दृष्ट्या मराठ्यांकडून १८१२ मध्ये इंग्रजांकडे गेला. परंतु तेथील धर्मसेवा बराच काळ गोव्यातील धर्मगुरूंच्याच हाती राहिली. पुढे हा प्रदेश पुणे धर्मप्रांतात मोडू लागला आणि ५ जुलै २००५ रोजी त्यातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा होऊन त्याचे पीठ सावंतवाडीस स्थापन झाले. १६३७ मध्ये ज्या मुलुखासाठी स्वतंत्र बिशपाची कल्पना रोमने केली होती, त्याच्या किनारी भागास अशा रीतीने स्वतःचे पीठ लाभले.

निष्कर्ष

ह्या सर्व विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. आद्य ख्रिस्ती नियमांनी गुरुदीक्षेसाठी कडक अटी घातल्या होत्या. पण त्या माणसास स्वप्रयत्नाने अथवा काळाच्या ओघात पुऱ्या करता येण्याजोग्या होत्या. नवखेपण सरते, वय वाढते, ज्ञान मिळविता येते, लौकिक संपादन करता येतो. गुलामाचा अपवाद होता, तोही मुक्तीने दूर होणारा. गोव्यात नियमांचे शब्द बदलले नाहीत. त्यांचा आधार तेवढा माणसाच्या आचरणावरून त्याच्या कुलाकडे सरकला. नियम रद्द न करता तो निष्फळ कसा करता येतो, ह्याचे हे ठळक उदाहरण आहे. परदेशी सत्ताधाऱ्यांची रक्ताची कल्पना आणि देशी समाजाची जातीची कल्पना ह्या दोहोंनी मिळून हे अर्थान्तर घडविले. म्हणून त्याचा दोष एकाच पक्षावर टाकता येत नाही.

रोमन धर्मसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेत नवख्रिस्ती माणसाच्या दीक्षेस आजही अडथळा सांगितला आहे. मात्र तो पुरेसा पारखला गेला आहे, असे अधिकाऱ्याचे मत होईपर्यंतच. अनौरस जन्माचा जुना अडथळा त्या संहितेतून वगळण्यात आला आहे. नायसियाचा मूळ अर्थ अशा रीतीने पुन्हा प्रस्थापित झाला. डिचोलीच्या बिशपाने मांडलेल्या दाव्याचे मर्मही हेच होते, जरी त्याने स्वतः त्याची व्याप्ती आपल्या जातीपलीकडे नेली नाही. दक्षिण कोकणातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासकाराने ह्या प्रकरणाकडे गोव्याचे परिशिष्ट म्हणून न पाहता, धर्मपदाची योग्यता कशावरून ठरावी ह्या फार जुन्या वादातील एक महत्त्वाचा टप्पा म्हणून पाहावे, हे अधिक युक्त होय.